रेनियरचा नकाशा काढायचाय? मग बर्फाला शेवटी हात लावा

सिअ‍ॅटल-रेडमंडकडे आपले मराठी लोक काही कमी नाहीत, आणि आकाश मोकळं झालं की दक्षिणेला तो पांढराशुभ्र डोंगर अचानक उगवतो, मग सगळे फोटो काढतात, स्टेटसला टाकतात आणि विषय संपतो. मी पण बरीच वर्षं तेच करायचे. मग एका पावसाळ्यात (म्हणजे इथल्या हिवाळ्यात, तेव्हाच पडतो पाऊस) घरात बसून कंटाळा आला म्हणून माउंट रेनियरचा स्वतःचा नकाशा काढायला घेतला. वाटलं वीकेंडचं काम आहे. चार महिने गेले आणि पहिला नकाशा पूर्ण चुकला होता.

कुठे चुकलं ते आधीच सांगते, म्हणजे पुढचं का सांगतेय ते कळेल. मी बर्फापासून सुरुवात केली. पांढरं दिसतंय तिथे रेघ मारली, संपलं. पण ४,३९२ मीटर उंचीच्या या ज्वालामुखीवर सगळं पांढरं म्हणजे ग्लेशियर (हिमनदी) नाही, आणि सगळं ग्लेशियर पांढरं पण नाही. खडक आधी, बर्फ नंतर, हा क्रम ठेवलात तर अर्धी डोकेदुखी वाचते. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हे पटकन जमतं, कारण धार, सोंड, घळ, कडा, घसारा हे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत आणि नजर पण त्यांनाच सरावलेली असते.

एक साधा लॅपटॉप, क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं फुकट सॉफ्टवेअर आणि बरंचसं नेट, एवढंच लागतं. कोडिंग आलं तर सोन्याहून पिवळं, नाही आलं तरी अडत नाही.

आधी फाइली गोळा करा, पण वाट्टेल त्या नाही

दोन गोष्टी हव्यात, उंचीचा डेटा आणि उपग्रहाचे फोटो. उंचीचा डेटा म्हणजे डीईएम, प्रत्येक चौकोनाला एक उंची. फुकटात मिळणाऱ्यांत ३० मीटरचे दोन आहेत, एक एसआरटीएम, जो स्पेस शटलने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने मोजला, आणि दुसरा कोपर्निकस डीईएम, जो साधारण २०११ ते २०१५ च्या रडार डेटावरून बनलाय. डोंगराचा एकूण अंदाज यायला हे पुरतात. पण रेनियरचं नशीब असं की त्याच्यावरून विमानाने लायडारही (लेझरने जमिनीची उंची मोजणं) करून झालंय, २००७-०८ चं, आणि वॉशिंग्टन राज्याच्या लायडार पोर्टलवरून ते कोणीही उतरवून घेऊ शकतं. लायडारमध्ये झाडं काढून टाकलेली जमीन दिसते. पहिल्यांदा ते हिलशेड करून (म्हणजे उंचीवरून ऊन-सावली पाडून) बघितलं तेव्हा मी अक्षरशः जेवायचं विसरले, जंगलाखाली लपलेली एकेक धार, एकेक जुना हिमोढ (ग्लेशियरने ढकललेला दगडगोट्यांचा बांध) असा वर आला जसं काही कोणी डोंगरावरचं पांघरूण ओढलंय.

फोटोंसाठी सेंटिनल-२ हा उपग्रह घ्या, १० मीटरचं रेझोल्यूशन, २०१५ पासूनचे फोटो आहेत. जुना काळ बघायचा असेल तर लँडसॅट, ३० मीटर, १९८० च्या दशकापासून, आणि २००८ पासून तो पण सगळा फुकट.

फोटो कुठल्या तारखेचा निवडता त्यावर नकाशा ठरतो, इथे घाई नको. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा शेवट, नवा बर्फ पडायच्या आत. रेनियरवर बर्फ किती पडतो त्याची कल्पना यावी म्हणून सांगते, १९७१-७२ च्या हिवाळ्यात पॅराडाइज या ठिकाणी साडेअठ्ठावीस मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे, म्हणजे नऊ मजली बिल्डिंग. एवढं सगळं वितळायला उन्हाळा संपतो. जुलैचा फोटो घेतलात तर सगळा डोंगरच ग्लेशियर वाटेल. आणि सप्टेंबरमध्ये दुसरी पंचाईत असते ती म्हणजे वणव्याचा धूर, थंबनेलमध्ये फोटो स्वच्छ वाटतो आणि उघडला की सगळं दुधाळ. म्हणून एकावर अवलंबून राहू नका, वेगवेगळ्या वर्षांचे तीन-चार फोटो घ्या, जो बर्फ सगळ्यांत टिकलाय तो खरा, बाकीचा यंदाचा पाहुणा.

प्रोजेक्ट लावताना फूट की मीटर ते बघा

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच माझे तीन आठवडे गेले. सगळे लेयर एकाच प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची पद्धत) आणा, यूटीएम झोन १० उत्तर, क्यूजीआयएसमधला त्याचा कोड ईपीएसजी ३२६१०. सेंटिनलचे फोटो आधीच त्यात येतात. लायडार मात्र वॉशिंग्टनच्या राज्य-प्रोजेक्शनमध्ये येतं आणि त्यातली उंची फुटांत असते. मी ते नुसतं रीप्रोजेक्ट केलं, आडवं अंतर मीटरमध्ये आलं पण उंची फुटातच राहिली, मग त्यातून दुसरा डीईएम वजा केला आणि मला ग्लेशियर हजारो मीटर वितळलेलं दिसायला लागलं. लेयरची सगळ्यात मोठी उंची बघायची सवय लावा. ४,३९२ च्या आसपास असेल तर मीटर, १४,४१० च्या आसपास असेल तर फूट. दोन सेकंदांचं काम.

उंची कशापासून मोजलीय ते पण तपासा. काही डेटा समुद्रसपाटीपासून असतो, काही पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, आणि या भागात दोन्हींत वीसेक मीटरच्या आसपास फरक पडतो. वीस मीटर म्हणजे ग्लेशियरचं अख्खं वीस-तीस वर्षांचं वितळणं त्यात बुडून जाऊ शकतं.

सेंटिनलची एक खोड आहे. जानेवारी २०२२ पासूनच्या फाइलींमध्ये प्रत्येक बँडच्या (प्रकाशाच्या एकेका पट्ट्याच्या) आकड्यात १,००० मिळवलेले असतात. ते वजा न करता जुन्या आणि नव्या फोटोला एकच सूत्र लावलंत तर नव्या फोटोत बर्फ उगाच कमी-जास्त दिसतो आणि आपण काय भारी शोध लागला म्हणून नाचतो.

आता खडक

डीईएमवरून तीन लेयर बनवा, हिलशेड, उतार आणि ४० मीटरच्या समोच्च रेषा. हिलशेडला क्यूजीआयएसमध्ये अनेक दिशांनी उजेड टाकायचा पर्याय आहे तो चालू करा, नाहीतर एकाच बाजूने उजेड पडला की त्या दिशेला समांतर जाणाऱ्या धारा गायब होतात.

माथ्यापासून सुरू करा. वर दोन विवरं एकमेकांवर चढलेली आहेत, पूर्वेचं मोठं आणि पूर्ण, साधारण ४०० मीटर रुंद, पश्चिमेचं छोटं आणि अर्धं झाकलेलं. विवराची कड बऱ्याच ठिकाणी उघडी दिसते, आणि नवख्याला वाटतं वाऱ्याने बर्फ उडाला असेल, पण तिथून गरम वाफ येते, डोंगर अजून जागा आहे. त्याच वाफेने विवरातल्या बर्फाखाली गुहा कोरल्यात. १८७० मध्ये हॅझार्ड स्टीव्हन्स आणि फिलेमन व्हॅन ट्रम्प पहिल्यांदा (नोंद असलेले पहिले, तसे स्थानिक लोक या डोंगराला टाहोमा म्हणत आधीपासून राहतायत) माथ्यावर गेले तेव्हा त्यांनी रात्र याच वाफेच्या आडोशाला काढली. त्यामुळे विवराच्या कडेची रेघ बर्फाच्या रेघेला जोडू नका, तिला वेगळा लेयर द्या.

मग खाली या. बर्फाच्या दोन प्रवाहांच्या मध्ये उभ्या खडकाच्या धारा दिसतील, इकडचे लोक त्यांना क्लीव्हर म्हणतात, म्हणजे सुरा. आपल्या भाषेत धारच. प्रत्येक धारेच्या कण्यावरून एक रेघ मारा. ईशान्येला एक जहाजाच्या नाळेसारखं टोक आहे, स्टीमबोट प्राउ, तिथे वरून येणारा बर्फ दोन फाट्यांत फुटतो, एका बाजूला एमन्स आणि दुसऱ्या बाजूला विन्थ्रॉप. उत्तरेला विलिस वॉल, सरळ हजारेक मीटरचा कडा, खाली कार्बन ग्लेशियर. पूर्वेला लिटल टाहोमा, मुख्य सुळक्याला लागून असलेला पण स्वतः ३,३९५ मीटर उंच, जुन्या ज्वालामुखीचा उरलेला तुकडा. पश्चिमेला सनसेट अ‍ॅम्फिथिएटर नावाचं वाटीसारखं खिंडार. एवढ्या खुणा मारल्यात की डोंगराचा सांगाडा उभा राहिला.

आता पायथ्याकडच्या लांब सोंडा बघा, रॅम्पार्ट रिज, बरोज माउंटन आणि त्याच्या पलीकडचं ग्रँड पार्कचं सपाट पठार. या सगळ्या लाव्हाच्या आहेत. मला हे आधी काही केल्या समजेना, कारण लाव्हा म्हणजे पातळ पदार्थ, तो दरीत वाहायला हवा, सोंडेच्या डोक्यावर कसा चढून बसला? आपल्याकडचा दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरला आणि नंतर पाण्याने तो कापून दऱ्या केल्या, म्हणून आपण तसंच गृहीत धरतो. इथे उलट आहे. रेनियरचा आत्ताचा डोंगर साधारण पाच लाख वर्षांत उभा राहिला आणि त्यातल्या बऱ्याच काळात दऱ्या शेकडो मीटर जाड बर्फाने भरलेल्या होत्या. लाव्हाला दरीत जागाच नव्हती. तो बर्फाच्या कडेकडेने, जुन्या सोंडांच्या माथ्यावरून वाहिला आणि बर्फाला टेकून थिजला. बर्फ गेला, सोंड राहिली. म्हणजे सोंडेची बाजू ही कधीकाळच्या ग्लेशियरची कड आहे, फक्त साचा उरलाय, आतला पदार्थ वितळला. मी खडक आधी म्हणते ते यासाठी पण.

या सोंडांच्या कडा लायडारवर उताराच्या लेयरमध्ये चटकन कळतात, वर सपाट, बाजूला एकदम उभा उतार. अगदी आपल्या गडाच्या माचीसारखं.

स्वच्छ बर्फ, म्हणजे सोपा बर्फ

हे काम कॉम्प्युटर करतो. बर्फ डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात चमकतो पण लघुतरंग अवरक्त प्रकाशात जवळपास काळा दिसतो, ढग मात्र दोन्हीकडे उजळ असतात. म्हणून सेंटिनलचा (बँड ३ वजा बँड ११) भागिले दोघांची बेरीज, असं क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये टाका, बँड ३ डोळ्यांना दिसणारा आणि ११ लघुतरंग अवरक्त. उत्तर ०.४ च्या वर आलं की बर्फ धरायचा, ही सुरुवातीची रीत. किंवा बँड ४ भागिले बँड ११ करून बघा, सावलीतल्या बर्फाला ते मला जास्त बरं वाटतं. बँड ११ मुळात २० मीटरचा आहे, त्यामुळे कडेची अचूकता १० मीटरची आहे असं स्वतःला सांगू नका.

आलेला काळा-पांढरा लेयर पॉलिगॉनमध्ये बदला, एक हेक्टरपेक्षा छोटे तुकडे उडवा. तलाव पण या सूत्रात बर्फ म्हणून येतात, ते हाताने काढा. आणि उत्तरेकडचे कडे तपासा, उपग्रह दुपारच्या आधी जातो, सूर्य आग्नेयेकडून दक्षिणेकडे सरकत असतो, त्यामुळे विलिस वॉलखालचा बर्फ सावलीत असतो आणि गळतो.

आता म्युअर स्नोफील्ड. पॅराडाइजहून कॅम्प म्युअरला जायचा रस्ता त्याच्यावरूनच जातो, भलामोठा पांढरा पट्टा, सूत्र त्याला छान बर्फ म्हणून पकडतं. पण नावातच सांगितलंय की ते बर्फाचं मैदान आहे, ग्लेशियर नाही. ग्लेशियर म्हणायला बर्फ स्वतःच्या वजनाने वाहायला हवा, आणि वाहतोय याची खूण म्हणजे हिमभेगा, वक्र पट्टे, खालच्या टोकाशी ढकललेला दगडगोट्यांचा बांध. यातलं काही दिसत नसेल तर स्नोफील्ड म्हणून वेगळा रंग द्या. उलट पण होतं, एके काळी ग्लेशियर असलेला तुकडा इतका बारीक होतो की हलायचाच थांबतो. दक्षिण उतारावरच्या स्टीव्हन्स ग्लेशियरची अशीच गत झाली, आणि माउंट रेनियर नॅशनल पार्कच्या यादीतून त्याचं नाव गेलं.

घसाऱ्याखालचा बर्फ, इथे खरी परीक्षा

डिसेंबर १९६३ मध्ये लिटल टाहोमाच्या कड्याचा मोठा भाग कोसळला आणि दगडांचे लोंढे एमन्स ग्लेशियरवरून कित्येक किलोमीटर खाली गेले. एमन्स हे अलास्का सोडलं तर अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांतलं क्षेत्रफळाने सगळ्यात मोठं ग्लेशियर, साधारण ११ चौरस किलोमीटर. त्याचं खालचं टोक तेव्हापासून तांबूस-करड्या दगडांनी झाकलंय. दगडांचा जाड थर म्हणजे बर्फावर टाकलेली गोधडी, ऊन आत पोचत नाही, बर्फ कमी वितळतो, त्यामुळे पुढची वीसेक वर्षं हे ग्लेशियर मागे हटायच्या ऐवजी पुढे सरकत होतं. आणि उपग्रहाच्या सूत्राला विचाराल तर तिथे बर्फच नाही, नुसता दगड. माझ्या पहिल्या नकाशात एमन्स असंच वरच्या वर कापलं गेलं होतं, आणि मी वर निष्कर्ष पण काढला होता की बघा किती झपाट्याने वितळलंय!

अशा वेळी सूत्र बंद करा आणि डोळे उघडा. लायडारचा हिलशेड लावा, झूम करा, आणि हळूहळू वरून खाली या. स्वच्छ बर्फ संपला तरी पुढे जमीन कशी दिसते ते बघा. खाली बर्फ असेल तर पृष्ठभाग खडबडीत, उंचवटे-खड्डे, मध्येच गोल तळी, मध्येच काळा उभा काप जिथे घसारा घसरून आतला बर्फ उघडा पडलाय, आणि सगळ्याला प्रवाहाच्या दिशेने एक ओढ असते, वक्र रेघा खालच्या बाजूला फुगलेल्या. बर्फ संपला की पुढे नदीचं पात्र, सपाट, वेण्या घातल्यासारखे पाण्याचे पदर. नदी जिथे एकदम उगवते, वर कुठेच तिचा ओहोळ दिसत नाही आणि अचानक पूर्ण वाढलेली नदी, ते ग्लेशियरचं तोंड. एमन्सच्या तोंडातून व्हाइट रिव्हर निघते, पाणी दगडाच्या पिठाने दुधाळ, नाव उगाच नाही पडलं.

कडेला झुडपं-झाडं बघा. हलत्या जमिनीवर झाड धरत नाही, त्यामुळे हिरवळ सुरू झाली की बहुतेक वेळा तुम्ही बर्फाच्या बाहेर आलात. बहुतेक वेळा म्हणतेय हं, काही ठिकाणी जुन्या हिमोढाच्या पोटात बर्फ तसाच पडलेला असतो आणि वर झुडूप मस्त वाढतं.

सगळ्यात भरवशाची युक्ती म्हणजे दोन वर्षांचे डीईएम एकमेकांतून वजा करणं. नुसता दगड जागचा खचत नाही, खाली बर्फ असेल तर जमीन खाली जाते. म्हणजे घसाऱ्याच्या मैदानात जिथवर जमीन खचलीय तिथवर बर्फ होता. फक्त वजा करायच्या आधी दोन्ही डीईएम एकमेकांवर नीट बसवा, नूथ आणि काब यांची २०११ ची पद्धत आहे, क्यूजीआयएसच्या बाहेर पायथॉनमध्ये तयार टूल मिळतं. बसवलं की बर्फ नसलेल्या खडकावर फरक शून्याच्या आसपास येतो का ते बघा. तो जर सरसकट पाच मीटर येत असेल तर ग्लेशियरचे पाच मीटर पण खोटे आहेत. एसआरटीएमच्या बाबतीत अजून एक लक्षात ठेवा, ते रडार फेब्रुवारीतलं होतं आणि रडारच्या लहरी कोरड्या हिमात काही मीटर आत शिरतात, त्यामुळे वरच्या भागात त्याने बर्फाचा पृष्ठभाग खराखुरा कुठे होता ते मोजलेलंच नाही.

कार्बन ग्लेशियर पण असंच झाकलेलं आहे, त्यात ते उत्तरेच्या सावलीत. जाडी काही ठिकाणी दोनशे मीटरच्या वर मोजलीय, आणि त्याचं टोक १,१०० मीटर उंचीच्या आसपास, म्हणजे त्या ४८ राज्यांत सगळ्यात खाली उतरलेलं. तोंड अगदी जंगलात. उंचीवरून बर्फाचा अंदाज बांधायची सवय असेल तर इथे हमखास फसाल, दक्षिणेच्या बाजूला त्याच उंचीवर तुम्हाला बर्फ काय, झाडंच झाडं दिसतात.

कोणतं ग्लेशियर कुठे संपतं

माथ्याजवळ सगळा बर्फ एकच टोपी आहे, नावं मात्र वेगवेगळी. तिथे पाणलोट काढतात तसेच डीईएमवरून बर्फाचे पाणलोट काढा, आणि मग आधी मारलेल्या धारांना ते जोडा. पण खरं सांगू, नवख्यांनी इथे स्वतःची अक्कल चालवू नये. जगभरच्या ग्लेशियरांची रँडॉल्फ यादी आहे, तिची सातवी आवृत्ती २०२३ मध्ये आली, त्यातल्या विभागण्या तशाच उचला आणि फक्त बाहेरची कड स्वतः काढा. नाहीतर दोन वर्षांची तुलना करताना एमन्स कमी झालं की तुम्ही त्याचा तुकडा विन्थ्रॉपला दिला, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

जुनी कड

ग्लेशियरच्या दोन्ही बाजूंना आणि पुढे धारदार बांध दिसतात, शाळेच्या भूगोलात पार्श्व हिमोढ आणि अंत्य हिमोढ म्हणून पाठ केलेले तेच. तेव्हा आकृती काढून पाच मार्क घेतले होते, पण खरा हिमोढ लायडारवर बघितला तेव्हा त्यातलं काय ते समजलं. कण्यावरून रेघ मारा, आतली बाजू उभी आणि उघडी, बाहेरची उतरती आणि झाडीची.

सरावाला निस्क्वाली ग्लेशियर घ्या. त्याच्यासारखी जुनी नोंद इथे दुसऱ्या कोणाची नाही. १८४० च्या सुमारास त्याचं टोक आत्ताच्या रस्त्यावरच्या पुलाच्याही थोडं खाली होतं, हे हिमोढावरच्या झाडांची वलयं मोजून काढलंय. १८५७ मध्ये ऑगस्ट काउट्झ चढाईच्या प्रयत्नात तिथून गेला, त्याच्या वर्णनातून पण टोक कुठे होतं ते कळतं. मग १९१० च्या आसपास फ्रान्स्वा माथेस या सर्वेक्षकाने प्लेन टेबल घेऊन अख्ख्या पार्कचा नकाशा काढला, ती स्कॅन केलेली शीट तुमच्या प्रोजेक्टमध्ये जिओरेफरन्स करून (ओळखीच्या खुणा जुळवून जागेवर बसवून) टाका. शिखरं, धारांची टोकं आणि प्राउसारख्या न हलणाऱ्या खुणा पकडा, ग्लेशियरची टोकं चुकूनही पकडू नका. बिना ड्रोन, बिना उपग्रह, त्या माणसाच्या समोच्च रेषा इतक्या बरोबर बसतात की आपल्याला थोडी लाजच वाटते.

सगळं एकत्र ठेवलं की दिसतं ते असं, पार्कच्या मोजणीप्रमाणे १८९६ ते २०२१ मध्ये रेनियरवरचं ग्लेशियरांचं क्षेत्रफळ सुमारे ४२ टक्क्यांनी घटलं. पण ती सरळ घसरगुंडी नाही, १९५० च्या दशकापासून १९८० च्या सुरुवातीपर्यंत बरीच ग्लेशियरं मध्येच पुढे सरकली होती. त्यामुळे फक्त दोन तारखा घेऊन मधली रेघ सरळ ओढू नका.

चिखलाच्या वाटा

बर्फ आणि ज्वालामुखी एकत्र आले की लाहार आलाच, पाणी, दगड आणि राख यांचा ओल्या काँक्रीटसारखा लोंढा. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये कोलंबियात नेव्हादो देल रुइझचा एक तसा छोटाच उद्रेक झाला, माथ्यावरचा थोडा बर्फ वितळला आणि आर्मेरो गाव गाडलं गेलं, २३ हजारांवर माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता, आणि आर्मेरो त्यात धोक्याच्या पट्ट्यातच होतं.

रेनियरवर यासाठी उद्रेकही लागत नाही. गरम आम्लयुक्त पाण्याने खडक पिवळट, मऊ, चिकणमातीसारखा होतो, आणि तो असाच सुटतो. सनसेट अ‍ॅम्फिथिएटर म्हणजे असाच निसटलेला भाग, साधारण ५०० वर्षांपूर्वीचा इलेक्ट्रॉन लाहार तिथून सुटला आणि आज जिथे ऑर्टिंग शहर आहे तिथवर आला. त्याच्या कितीतरी मोठा ओसिओला, सुमारे ५,६०० वर्षांपूर्वीचा, जवळपास चार घन किलोमीटर, अख्खा माथा आणि ईशान्य बाजू घेऊन गेला आणि प्युजेट साउंडच्या समुद्रापर्यंत पोचला. एनमक्लॉ शहर तर त्याच चिखलावर वसलंय. आत्ताचा माथा हा त्या खिंडारात नंतर भरलेल्या लाव्हाचा आहे.

नकाशावर हे शोधायचं ते दरीच्या तळाशी. नदीने वाहून आणलेला गाळ हळूहळू उतरत जातो, लाहारने मात्र दरी भिंतीपासून भिंतीपर्यंत सपाट भरलेली असते आणि मध्ये टेपाडं असतात, ती म्हणजे डोंगराचे न फुटलेले तुकडे. दरीच्या बाजूला चिखलाची सर्वात वरची पातळी कुठवर होती ती रेघ पण लायडारवर कधीकधी मिळते. छोटे लोंढे तर अजून येतात, १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये काउट्झ क्रीकने रस्ता गाडला, आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये साउथ टाहोमा ग्लेशियरमधून पाणी फुटून टाहोमा क्रीकला लोंढा आला. मोठे आणि छोटे एकाच रंगात दाखवू नका, बघणारा उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त होतो.

किती खात्री आहे तो कॉलम

प्रत्येक रेघेला चार माहित्या जोडा, फोटोची तारीख, कशावरून काढली, कोणी काढली, आणि खात्री किती, १ ते ३. स्वच्छ बर्फ १, सावली २, घसारा ३. हा शेवटचा कॉलम मी आधी टाकला नव्हता आणि वर्षभराने माझीच फाइल उघडल्यावर कोणती रेघ बघून काढली आणि कोणती रात्री एक वाजता कंटाळून ओढली ते मला आठवेना.

क्षेत्रफळाची चूक ढोबळ काढायची असेल तर कडेची लांबी गुणिले अर्धा पिक्सेल. समजा कड २५ किलोमीटर आणि पिक्सेल १० मीटरचा, तर ०.१२५ चौरस किलोमीटर इकडे-तिकडे. लँडसॅटला हेच तिप्पट. घसाऱ्याच्या भागाला हे सूत्र लावू नका, तिथे दोनदा वेगवेगळ्या दिवशी, पहिली रेघ लपवून, पुन्हा काढा आणि दोघींत किती अंतर पडतं ते बघा. माझ्या दोन रेघांत एमन्सच्या टोकाला दीडशे मीटर पडलं होतं. तेच छापलं, काय करणार.

आणि मग एकदा जाऊन बघा

नकाशाची प्रिंट घेऊन जा. एमन्ससाठी व्हाइट रिव्हर कॅम्पग्राउंडवरून मोरेनची (म्हणजे हिमोढाची) पायवाट आहे, जाऊन-येऊन दोन-तीन तास, त्या तांबूस घसाऱ्यासमोर उभं राहिलं की लायडारवरचे खड्डे ओळखीचे वाटतात. निस्क्वालीसाठी पॅराडाइजच्या वरचा ग्लेशियर व्हिस्टा. कार्बनचं अवघड झालंय, तिकडे जाणारा फेअरफॅक्सचा जुना पूल २०२५ मध्ये कायमचा बंद झाला, त्यामुळे तिकडचं सध्या स्क्रीनवरच. ड्रोन नेऊ नका, नॅशनल पार्कमध्ये बंदी आहे. ग्लेशियरवर पाय ठेवायला चढाईचं परमिट लागतं, आणि तोंडाशी तर मुळीच जाऊ नका, बर्फात रुतलेले दगड दुपारी सुटतात, फ्रिजएवढे असतात.

वरच्या भागाच्या फोटोंसाठी सनराइज या ठिकाणी जायचं असेल तर पहाटे निघा. ती डोंगराची ईशान्य बाजू आहे, सकाळचं ऊन तिरकं पडतं तेव्हा प्रत्येक हिमभेग आणि प्रत्येक धार सुटी दिसते, दुपारनंतर सगळा उतार सावलीत जातो आणि मग घळ कोणती आणि भेग कोणती ते घरी येऊन फोटोत शोधत बसावं लागतं.